एक लांब, तीन आखूड

साताऱ्यातल्या नाथाजी विरकरांच्या दुकानात साधा रेडिओ नेला तरी आधी फॉर्म भरावा लागतो. नाथाजी मूळचे म्हसवडचे. एकवीस वर्षं फौजेत सिग्नलमध्ये होते. ‘फौजेत फॉर्मबिगर सुई बी मिळत न्हाई,’ असं त्यांचं म्हणणं. फॉर्मला आठ रकाने आहेत आणि प्रत्येक रकान्यापुढे फक्त एक ओळ. शहाण्णव सालच्या दसऱ्यानंतरच्या मंगळवारी मी तो भरला. त्याची कार्बन प्रत माझ्याजवळ आहे. त्या एका ओळीत मी काय लिहिलं आणि खरं काय होतं, दोन्ही खाली देतो. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. उरलं असतं तर लपवलं असतं.

रकाना १. वस्तू

*लिहिले: जुना संगणक, नग एक.*

संगणक माझा नव्हे, मंडळाचा. मंडळ म्हणजे सांगली-सातारा सर्वज्ञाती वधू-वर सूचक मंडळ. कार्यालय सांगलीत विश्रामबागेत, म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. मी मंडळाचा मानद सचिव, सुमंत वाटवे. वय चव्वेचाळीस, अविवाहित. वधू-वर सूचक मंडळाचा सचिव अविवाहित असू नये असा नियम घटनेत नाही. अध्यक्ष लालासाहेब तर म्हणतात की हलवाई कुठे स्वतः पेढे खातो.

लालासाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. एका साखर कारखान्याने नवीन संगणक घेतले, तेव्हा जुन्यांपैकी एक त्यांनी शब्द टाकून मंडळासाठी मिळवला. यंत्राला मळीचा वास होता आणि मुंग्यांना ते फार आवडे. पण चालत होतं, आणि त्यावर मराठी अक्षरं उमटत होती. मंडळाच्या चार जाडजूड वह्या मी दोन बोटांनी, अकरा महिने खपून, त्यात उतरवल्या. चारशे सतरा नावं. प्रत्येकाची जन्मतारीख, उंची, शिक्षण, अपेक्षा आणि शेवटी एक रकाना, शेरा.

शेरा हा सचिवाने सचिवासाठी लिहायचा असतो. ‘मुलगा बरा, आईशी जपून.’ ‘फोटो पाच वर्षांपूर्वीचा.’ ‘वडील व्याही शोधत नसून भागीदार शोधत आहेत.’ अशा शेऱ्यांवर मंडळ चालतं. ते बाहेर फुटले, तर मंडळ तर बंद पडेलच, शिवाय मला विश्रामबागेतून चालत जाणं मुश्कील होईल.

रकाना २. शेवटची साफसफाई कधी केली?

*लिहिले: खंडेनवमीस.*

याला साफसफाई म्हणायचं की नाही, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. सुतार करवतीची करतो, डॉक्टर नळीची करतो. मंडळाचं हत्यार संगणक. लालासाहेब सोवळं नेसून आले. मी पेटीवर पांढरा नॅपकिन घालून तयारी ठेवली होती. त्यांनी नॅपकिनकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं.

“सुमंतराव, हा डबा झाला. यंत्र कुठाय?”

“आत आहे.”

“मग डब्याची पूजा कशाला? मोटारीची पूजा करताना बॉनेट उघडतो की नाही आपण?”

मी स्क्रू काढले. झाकण निघालं. आत हिरव्या पट्ट्यांवर छोटीछोटी काळी घरं होती, वरून पाहिलेल्या वसाहतीसारखी. लालासाहेबांनी प्रत्येक घराला हळद लावली, कुंकू लावलं, वर अक्षता वाहिल्या. पंख्यात झेंडू खोचला. मग तांब्यातलं पाणी फुलाने शिंपडायला लागले.

माझी बहीण श्रद्धा दारात उभी होती. ती छत्तीस वर्षांची, हायस्कुलात गणित शिकवते. ती म्हणाली, “लालाकाका, विजेच्या वस्तूवर पाणी?”

“पाणी नव्हे गं. कृष्णामाई आहे.”

कृष्णामाई असल्यामुळे असेल, पण बटण दाबल्यावर यंत्र चालू झालं. सगळ्या सभासदांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांनीच घात केला. यंत्र इतकं खात्रीचं आहे म्हटल्यावर चार वह्यांचं काय करायचं, असा विषय निघाला. रद्दीत घालणं कुणालाच पटेना. चारशे माणसांच्या पत्रिका रद्दीवाल्याला द्यायच्या आणि उद्या कुणाच्या तरी जन्मवेळेवर भेळ खायची, हे बरं दिसत नाही. जीर्ण पोथी नदीत सोडतात. त्याच संध्याकाळी आम्ही घाटावर गेलो आणि नारळासकट चारही वह्या कृष्णेत सोडल्या. तिसरी वही बुडेना. लालासाहेबांनी तिला काठीने ढोसलं.

परत येताना त्यांनी जाहीर केलं, “पुढच्या रविवारी मेळावा आहे. या खेपेला यंत्रातून छापील पुस्तिका काढायची. सगळे रकाने. शेऱ्यासकट.”

“शेरा खासगी असतो, लालासाहेब.”

“खासगी असायला ती काय तुमची डायरी आहे? मंडळाचा कारभार पारदर्शक पाहिजे.”

घाटाच्या पायऱ्या चढताना मी थांबलो. मागे वळून नदीकडे पाहिलं. नदीने नारळ परत आणला होता, वह्या आणल्या नव्हत्या.

रकाना ३. बिघाड झाला तेव्हा काय काम चालू होते?

*लिहिले: (कोरे)*

चारशे सोळा जणांचे शेरे मी मऊ केले असते. ‘आईशी जपून’च्या जागी ‘मातृभक्त’ लिहिता येतं. एकोणीस वर्षं सरकारी रेकॉर्डरूममध्ये काढली आहेत, तेवढी भाषा येते. भीती होती ती क्रमांक एकसष्टची.

क्रमांक एकसष्ट म्हणजे श्रद्धा.

सात वर्षांपूर्वी मंडळ निघालं तेव्हा लालासाहेब म्हणाले होते, घरापासून सुरुवात करा. मी तिला न विचारता तिचं नाव घातलं. चार वर्षांपूर्वी तिला ते कळलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, “दादा, माझं नाव काढून टाक. मला लग्न करायचं नाही.”

“काढतो.”

आठवड्याने तिने विचारलं, “काढलंस?”

“काढलं,” मी म्हणालो.

काढलं नव्हतं. एक तर साठनंतर एकदम बासष्ट आलं असतं. क्रमांकात खंड पडणं म्हणजे काय, हे रेकॉर्डरूमबाहेरच्या माणसाला समजणार नाही. दुसरं म्हणजे, एखादं चांगलं स्थळ आलंच तर, असं मनात होतं. आणि ती नाव काढ म्हणाली त्याच दिवशी रागाच्या भरात मी तिच्या नावापुढे शेरा लिहिला होता: ‘स्वभाव तिखट. वय झाले. मिळेल त्यात तडजोड करावी.’ पुढे वहीवरून संगणकात उतरवताना तोही जसाच्या तसा उतरवला. नक्कल म्हणजे नक्कल.

आता हे श्रद्धाने वाचलं तर? ती आरडाओरडा करत नाही. तेच भयंकर आहे. आमच्या एका मामेभावाशी ती अकरा वर्षं बोललेली नाही आणि त्याला अजून कारण माहीत नाही. घरात आम्ही दोघंच. ती बोलायची थांबली तर घरात आवाज फक्त कुकरचा राहील.

म्हणून दसऱ्याच्या संध्याकाळी सगळे सोनं लुटायला बाहेर पडले, तेव्हा पोट बिघडल्याचं सांगून मी घरी राहिलो. श्रद्धाही आपट्याची पानं घेऊन मैत्रिणीकडे गेली. मी दाराला कडी न लावण्याची चूक केली. यंत्र सुरू केलं, एकसष्ट नंबर उघडला, शेऱ्यावर आलो. आता खोडायचा, एवढ्यात फाटक वाजलं. ती पाकीट विसरली होती.

यंत्राचा पडदा झाकायला हाताशी काही नव्हतं. मी संगणकाला मिठी मारली.

“हे काय?” श्रद्धा म्हणाली.

“पोट दुखतंय. शेक घेतोय. हे गरम असतं.”

ती दोन क्षण बघत उभी राहिली. मग पाकीट घेऊन गेली. मिठीच्या धक्क्याने पेटी भिंतीवर आदळली होती. झाकणाचे स्क्रू पूजेनंतर मी लावलेच नव्हते. पाहतो तो पडदा काळा.

रकाना ४. बिघाडाचे लक्षण

*लिहिले: वाजतो. दिसत काही नाही.*

बटण दाबलं की पंखा फिरायचा आणि आतून आवाज यायचा. एक लांब, मग तीन आखूड. परत बटण दाबलं, परत तेच. एक लांब, तीन आखूड. दवाखान्यात आत नेलेल्या पेशंटचा बाहेर ऐकू यावा, तसला आवाज.

चारशे सतरा माणसं आत होती आणि वह्या कृष्णेत होत्या. यंत्र चालू झालं नाही तर मी मंडळाचा गुन्हेगार. चालू झालं तर पहिलं दिसणार ते एकसष्ट, कारण हा प्रोग्राम जिथे सोडला होता तिथेच परत उघडतो. त्या रात्री जेवताना भाजीत मीठ नव्हतं हे श्रद्धाने सांगितल्यावर मला कळलं. भाजी मीच केली होती.

रकाना ५. आधी कोणी हात लावला?

*लिहिले: कोणीही नाही.*

सोमवारी सकाळी सगळ्यांत आधी आवाज ऐकला तो सुलाबाईंनी. त्या आमच्याकडे भांडी घासतात, माहेर शिराळ्याचं, जिथे नागपंचमीला नाग पकडून मडक्यात ठेवतात.

“आवं दादा, आत जनावर हाय.”

“कसलं जनावर?”

“आता नाव घ्याला लावता व्हय सकाळच्या पारी? आमच्या शिराळ्यात मडक्याला कान लावला की कळतंय.” त्यांनी पेटीला कान लावला. पेटी वाजली. त्या मागे सरल्या आणि जरा निराश झाल्या. “न्हाई. नाग असा वरडत न्हाई. उंदीर आसंल. भावाला बोलवू का? त्यो रिकामाच हाय.”

भावाला नको म्हणालो, तर शेजारचे हरीभाऊ आले. हे तार खात्यातून निवृत्त झालेले. देशातून तारा कमी होत गेल्या, तरी त्यांचं बोट अजून टेबलावर टकटक करत असतं. त्यांनी स्टूल ओढलं, डोळे मिटले आणि मला तीन वेळा बटण दाबायला लावलं.

“बी,” ते म्हणाले.

“काय बी?”

“एक लांब, तीन आखूड. तारेच्या भाषेत इंग्रजी बी. त्याला काहीतरी सांगायचंय. पुढचं अक्षर यायच्या आत तुम्ही बंद करता. जरा धीर धरा.”

ते कागद-पेन्सिल घेऊन दोन तास बसले. बटण मी दाबायचं, ऐकायचं त्यांनी. कागदावर बी, बी, बी असे चार ओळी बी झाले. अखेरीस उठले. “फार हट्टी आहे,” म्हणाले. “मिरजेला एक साहेब होते, ते असेच एकच शब्द परत परत पाठवायचे. मदत पाहिजे असायची त्यांना, पण सांगायची लाज वाटायची.” मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

दुपारी लालासाहेब. त्यांनी आल्या आल्या विचारलं, “उत्तरपूजा केली होती?”

“नाही.”

“उत्तरपूजा न करता यंत्र हलवलंत. मग ते कसं चालेल? अजून ते पूजेतच बसलंय.” त्यांनी लगेच उत्तरपूजा केली, दही वाहिलं. या वेळी झाकण उघडू दिलं नाही, एवढा एक शहाणपणा माझ्या हातून झाला. यंत्र वाजलं. लालासाहेबांनी घड्याळ पाहिलं. “शनिवारी पुस्तिका छापायला गेली पाहिजे. मी तीनशे लोकांना सांगून बसलोय. सांगलीत दुरुस्तीवाले दोन आहेत ना?”

आहेत. त्यातला एक आमचा क्रमांक दोनशे आठ आणि दुसऱ्याचा शेरा ‘गिऱ्हाईक आले की आतून आई बोलते’. सांगलीत हे यंत्र उघडणं म्हणजे गणपती पेठेत उभं राहून शेरे वाचणं. मला असा माणूस हवा होता, ज्याचं लग्न झालेलं आहे, मुलं मोठी आहेत आणि जो शंभर किलोमीटर लांब आहे. नाथाजी विरकरांचं नाव हरीभाऊंनी दिलं.

रकाना ६. सोबत आणलेले सामान

*लिहिले: पेटी, कळफलक, वायर. पडदा (बहिणीच्या आग्रहावरून).*

माझा बेत असा की पेटी तेवढी न्यायची, पडदा घरीच ठेवायचा. पडदाच नसेल तर दिसणार काय? पण मंगळवारी सकाळी श्रद्धा शाल पांघरलेला पडदा कडेवर घेऊन तयार. शाळेला सुट्टी होती.

“तू कशाला येतेस?”

“दोन नग आहेत, हात दोनच आहेत तुला.”

“पडद्याची गरज नाही.”

“दादा, डॉक्टरकडे जाताना तोंड घरी ठेवून जायचं का?”

सातारा गाडीत आम्ही तीनच्या बाकावर. मी, मध्ये पेटी, खिडकीशी श्रद्धा, तिच्या मांडीवर पडदा. कंडक्टर आला.

“ह्यात काय हाय?”

“संगणक.”

“चालू हाय?”

“नाही.”

“मग खाली ठेवा. चालू माणसं उभी हायती.”

“नाजूक आहे हो. आत महत्त्वाची माहिती आहे.”

त्याने पेटीकडे आदराने बघितलं, की काय कोण जाणे. मागच्या बाकावरच्या आजी म्हणाल्या, “असू द्या की वो मास्तर, बाळतीण घेऊन चाललाय असा धरून बसलाय त्यो.” गाडीतले दहाजण हसले. मी खिडकीबाहेर पाहायला लागलो. खिडकी श्रद्धाच्या बाजूला असल्यामुळे मला तिच्याकडेच पाहावं लागलं.

पेठ नाका गेला आणि ती म्हणाली, “दादा, यात माझं नाव नाही ना?”

गाडीने गिअर बदलला. मी म्हणालो, “नाही.”

“मग घाम कशाचा एवढा?”

“पेटी गरम आहे.”

“बंद आहे ती.”

कराडला गाडी दहा मिनिटं थांबली. लोक वडे खायला उतरले. मी उतरलो नाही. पेटी सोडून जायची भीती आणि परत येऊन बसायचीही भीती. श्रद्धाने खिडकीतून दोन वडे घेतले आणि एक माझ्यासमोर धरला. तो खाताना मला एखाद्याचं मीठ खाणं म्हणजे काय ते समजलं. वडा अळणी असता तर बरं झालं असतं.

रकाना ७. मालकाची सूचना

*लिहिले: पडदा न जोडता दुरुस्त करावे.*

नाथाजींनी फॉर्म उभ्यानेच वाचला. सातव्या रकान्याशी थांबले.

“साहेब, ही कसली आर्डर? डोळं बांधून रायफल जोडाय शिकवत्यात फौजेत, खरं गोळी मारताना उघडाय लागत्यात.”

“गोपनीय माहिती आहे.”

“आवं, मी बारा वरसं गोपनीय तारा हाताळल्या. एक बी वाचली न्हाई. वाचून तरी काय, सगळ्या रेशनच्याच.” मग तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. “आन हे कोरं का? काम काय चाललं हुतं?”

“किरकोळ,” मी म्हणालो.

“पोट शेकत होता,” श्रद्धा म्हणाली.

नाथाजींनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि झाकण काढलं. आत हळद होती, कुंकू होतं, वाळलेला झेंडू होता.

“ह्यो आजारी हाय का लग्नाला निघालाय?”

श्रद्धा तोंड फिरवून हसली. मीही हसण्याचा प्रयत्न केला. नाथाजींनी बारीक ब्रशने कुंकू झाडलं, मग आतून एक बोटभर लांबीची पट्टी उपसली. तिच्या खाचेत अक्षतेचा एक दाणा रुतून बसला होता. तो त्यांनी चिमट्याने काढून माझ्या तळहातावर ठेवला. “मेमरी म्हंत्यात हिला. हिला आठवतच न्हवतं काय, म्हणून वरडत हुती.” मग ड्रॉवरमधून शाळेच्या पोरांचं असतं तसलं खोडरबर काढलं आणि पट्टीच्या कडेचे सोनेरी दात घासायला लागले. मला वाटलं होतं भारी अवजारं निघतील. खोडरबर माझ्याही घरी होतं. नुसतं वेळेवर वापरायचं राहिलं होतं.

पट्टी बसवली, पडदा जोडला. माझी सूचना त्यांनी लाल पेनाने खोडली आणि खोडल्याची सही केली. बटण दाबलं.

एक आखूड. बस्स, एकच.

“एक आखूड म्हंजे समदं ठीक,” नाथाजी म्हणाले.

“झालं ना, चालू झालं. बंद करा. आम्ही निघतो, गाडी आहे.”

“माल तपासल्याबिगर मी देत न्हाई. फाइल हाय का गेली, ते बघाय नको?”

मी पडद्यापुढे जायला उठलो. पण पडदा आणि मी यांच्यामध्ये श्रद्धा होती. यादी उघडली. जिथे सोडली होती तिथेच उघडली. मोठ्या, स्पष्ट, मीच टाईप केलेल्या अक्षरांत: क्रमांक एकसष्ट. श्रद्धा वाटवे. आणि तळाशी शेरा. खोडायचं राहिलं ते राहिलंच होतं. तिन्ही वाक्यं शाबूत.

मी जमिनीकडे पाहत होतो. दुकानाच्या फरशीत एक तडा होता आणि त्यातून मुंग्यांची रांग पेटीकडे निघाली होती. मी मुंग्या मोजत होतो. सतरा मुंग्या झाल्या. तीन वाक्यं वाचायला इतका वेळ लागत नाही. तिने तीन वेळा वाचलं असणार.

“काका,” ती नाथाजींना म्हणाली, “तो कीबोर्ड इकडे द्या.” पडदा तिने स्वतःकडे वळवून घेतला. मग माझ्याकडे न बघता, “दादा, तू चहा सांगून ये. सावकाश ये.”

मी गेलो. चहाच्या गाड्यावर दोन जण उभे होते, त्यांच्या मागे रांग लावली. रांग नव्हती तरी लावली. परत आलो तेव्हा ती हात पुसत होती आणि पडदा बंद होता.

“फाइल ठीक हाय साहेब,” नाथाजी म्हणाले. आवाजात काहीतरी होतं. दया असावी. “चारशे सतरा नग. एक बी कमी न्हाई.”

एकही कमी नाही. म्हणजे तिने नाव काढलं नव्हतं.

रकाना ८. वस्तू मिळाल्याची सही

*सही: श्रद्धा वाटवे.*

सहीसाठी नाथाजींनी फॉर्म मला दिला नाही, तिला दिला.

परतीच्या गाडीत ती बोलेना असं झालं असतं, तर मी समजू शकलो असतो. पण ती बोलली. “खिडकी लाव, धूळ येतेय.” “उद्या दूधवाल्याला अर्धा लीटर जास्त सांग.” घरी आल्यावर “मीठ दे.” “कडी लाव.” बुधवार, गुरुवार, शुक्रवार हेच. प्रत्येक वाक्यानंतर मी पुढच्या वाक्याची वाट बघायचो, आणि पुढचं वाक्य कांद्यांविषयी असायचं. माफी मागायची तर विषय काढायला हवा. विषय काढायचा तर तिने वाचलं हे मला माहीत आहे, हे तिला कळणार. ते तिला माहीत होतंच. तरीही मी कांदे चिरत राहिलो.

दरम्यान छपाईचं काम तिने स्वतःकडे घेतलं. प्रिंटर लालासाहेबांच्या पुतण्याच्या कचेरीत होता. फ्लॉपी घेऊन ती तिकडे गेली. मी निघालो तर म्हणाली, “तू अकरा महिने टाईप केलंस. आता आराम कर.” संध्याकाळी हरीभाऊंनी विचारलं, काय म्हणतंय यंत्र? मी म्हणालो, आता काहीच म्हणत नाही. ते म्हणाले, तेव्हाच जास्त जपायचं.

मला एवढंच दिसत होतं: तीनशे पुस्तिका, प्रत्येकीत एकसष्ट नंबर, आणि श्रद्धाच्या शाळेतल्या बायकांसह सगळं विश्रामबाग वाचतंय की सुमंत वाटव्याने सख्ख्या बहिणीविषयी काय लिहिलं. तिने नाव का काढलं नसेल? मला जन्माची अद्दल घडवायला ती स्वतःची बेअब्रू करून घेईल का? ती गणिताची शिक्षिका आहे. उत्तर बरोबर येणार असेल तर ती वाटेल तेवढ्या पायऱ्या करते.

मागील बाजू

*(फॉर्मची मागील बाजू कोरी असते. पुढचं तिथे लिहितो.)*

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी मेळावा. हॉलमध्ये साडेतीनशे माणसं, दारात पुस्तिकांचा गठ्ठा. मी पाण्याच्या पिंपाशेजारी उभा राहिलो. तिथे उभं राहिलं की लोक पाणी पितात आणि जातात, तोंडाकडे बघत नाहीत.

लालासाहेब मला शोधत आले आणि खांद्यावर जोरात थाप मारली. “शाब्बास सुमंतराव. घरापासून सुरुवात म्हणतात ती अशी. छाती पाहिजे याला.”

संपलं, असं वाटलं. मी पुस्तिका हातात घेतली. आधी शेरे दिसले, म्हणजे दिसले नाहीत. ज्याच्या त्याच्या शेऱ्यासमोर नुसती रेघ होती. नंतर कळलं की छापताना लालासाहेबांनी आपल्या पुतण्याचा, क्रमांक तीनशे दोनचा, शेरा वाचला आणि पारदर्शक कारभार तिथेच थांबला. ‘सगळे गाळा,’ म्हणाले. श्रद्धा म्हणाली, ‘सगळे गाळते, एक ठेवते.’

मी पान उलटलं. साठ. एकसष्ट. बासष्ट.

क्रमांक एकसष्ट. सुमंत वाटवे. वय ४४. शिक्षण बी.ए. नोकरी सरकारी. उंची पाच फूट चार इंच, मोजून. स्वयंपाक येतो. शेरा: आधी त्याला विचारावे. विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अख्ख्या पुस्तिकेत तेवढा एकच शेरा होता.

श्रद्धा नोंदणीच्या टेबलाशी बसून लोकांना बिल्ले देत होती. मी गर्दीतून तिच्यापर्यंत गेलो.

“हे काय केलंस?”

“क्रमांकात खंड पडला असता ना, दादा.”

“अगं, पण मला विचारायचं तरी.”

तिने एक बिल्ला एका मुलाच्या आईला दिला, मग वर बघितलं. नुसती बघत राहिली, आणि आत्ता मी काय बोललो ते मला हळूहळू ऐकू यायला लागलं. ‘मला विचारायचं तरी.’ साडेतीनशे माणसांच्या गलक्यात ते एक वाक्य मला स्वच्छ ऐकू आलं.

“चुकलो,” मी म्हणालो. फॉर्मच्या एका ओळीतसुद्धा सहज मावला असता, एवढा छोटा शब्द. “सात वर्षं चुकलो.”

“हं,” ती म्हणाली. आणि जरा वेळाने, “तुझ्या मागे बघ.”

मागे तीन बायका होत्या. पुढचीने पुस्तिकेत बोट घालून पान धरून ठेवलं होतं. ती चाळिशीच्या आसपासची, चष्मा लावलेली, कुणाची आई म्हणून आलेली वाटत नव्हती.

“एकसष्ट तुम्हीच ना? मी कराडहून आले. इथे लिहिलंय आधी विचारावं, म्हणून विचारते. तुम्हाला लग्न करायचं आहे का?”

मी तोंड उघडलं. मला मुलाची अपेक्षा कशी विचारायची माहीत आहे, मुलीची माहीत आहे, दोघांच्या आयांची तर पाठ आहे. हा प्रश्न चव्वेचाळीस वर्षांत मला कुणी विचारला नव्हता, मी स्वतःसुद्धा नाही. मेळाव्यात कुणीतरी माईकवर ‘हॅलो, हॅलो’ करत होतं. पळून जायला दार एकच होतं आणि त्यात लालासाहेब उभे होते.

श्रद्धाने टेबलामागून स्वतःची खुर्ची उचलली आणि माझ्यामागे आणून ठेवली.

“बस,” ती म्हणाली. “तू सांगेपर्यंत कुणी काही लिहिणार नाही.”